ग्रीन लेक काउंटीतली बंद धावपट्टी

गुरुवार : मॅडिसन ते ऑशकॉश

भाच्याकडे मॅडिसनला राहायला आले तेव्हाच त्याला सांगून ठेवलं होतं : नायगारा नको, शिकागोच्या इमारती नकोत. मला विस्कॉन्सिनचे क्रौंच बघायचे आहेत. शिवाय माणसांनी चिमुकल्या विमानांत बसून त्यांना दक्षिणेची वाट दाखवली, ती विमानं ज्या गवतावरून उडाली ते गवतही बघायचं आहे. गोंदियाला दर जूनमध्ये सारसगणनेला जाणाऱ्या मावशीचं हे वेड त्याला नवीन नव्हतं. सप्टेंबर सरता सरता त्याने सुट्टी टाकली आणि आम्ही निघालो.

फॉन ड्यू लॅक ओलांडलं की उजव्या हाताला विनेबागो तळं लागतं. तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही. मक्याची शेतं वाळून पिवळी पडली होती आणि रस्ता जवळजवळ मोकळा होता.

ऑशकॉश हे विमानवेड्यांचं पंढरपूर आहे. पॉल पोबेरेझनी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकीत एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन सुरू केली, ती घरी विमान बांधणाऱ्या हौशी लोकांसाठी. तिचा मेळा १९७० पासून इथे भरतो. जुलैअखेर आठवडाभर देशोदेशीची विमानं येऊन गवतावर उभी राहतात आणि त्यांच्या पंखांखाली लोक तंबू ठोकून राहतात. आम्ही गेलो तेव्हा मेळा कधीच उठला होता. संग्रहालय उघडं होतं आणि त्याच्या मागे पायोनियर एअरपोर्ट नावाची गवताची धावपट्टी होती, कडेने जुन्या पद्धतीचे हँगर. भाचा म्हणाला, "मावशी, संग्रहालय आत आहे." मी बाहेरच रेंगाळत होते. छान कापलेलं, दाट, सपाट गवत आणि त्याच्यावरून चाकं गेल्याच्या फिकट रेषा. एवढंच बघायलासुद्धा मला आवडलं.

अल्ट्रालाइट, म्हणजे अगदी हलक्या चिमुकल्या विमानांची गोष्टही बरीचशी याच राज्यातली. १९७५ मध्ये विस्कॉन्सिनच्या जॉन मूडी यांनी एका हँग ग्लायडरला, म्हणजे बिनइंजिनाच्या कापडी पंखाला, छोटं इंजिन जोडलं आणि गोठलेल्या तळ्यावरून स्वतःच्या पायांनी धावत ते हवेत गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी ते ऑशकॉशला करून दाखवलं. मग लोण पसरलं. १९८२ मध्ये अमेरिकी विमानवाहतूक खात्याने त्यासाठी वेगळा नियम केला, भाग १०३. एकच माणूस बसणार, रिकाम्या विमानाचं वजन २५४ पौंडांपेक्षा कमी, म्हणजे साधारण ११५ किलो. पेट्रोल जास्तीत जास्त ५ गॅलन, वेग ५५ नॉट. गजबजलेल्या वस्तीवरून उडायचं नाही आणि उडायचं ते उजेडात. एवढं पाळलं तर लायसन लागत नाही, विमानाची नोंदणीही लागत नाही. मात्र एक अट : उड्डाण फक्त हौसेसाठी आणि खेळासाठी. ही अट मी वहीत अधोरेखित करून ठेवली, कारण पुढे क्रौंचांच्या वाटेत असलाच एक नियम आडवा आला होता.

संग्रहालयाच्या दुकानात वैमानिकांचा नकाशा घेतला. संध्याकाळी तो पलंगावर पसरून आम्ही बघत बसलो. विस्कॉन्सिनभर ठिकठिकाणी एक बारीक वर्तुळ आणि आत ‘आर’ अक्षर. ती खासगी धावपट्टी, मालकाला विचारल्याशिवाय उतरायचं नाही. काही वर्तुळांत ‘आर’ऐवजी फुली होती. ती बंद झालेली.

शुक्रवार : बर्लिन आणि व्हाइट रिव्हर मार्श

भाच्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील बर्लिन नावाच्या इथल्याच एका गावापलीकडे शेती करतात. त्यांची स्वतःची गवताची धावपट्टी होती, अल्ट्रालाइटसाठीच राखलेली. तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यांनी ती बंद केली. त्यांनी बोलावलं होतं म्हणून ९१ नंबरच्या रस्त्याने सकाळीच पोचलो. आजोबा अंगणातच उभे होते. आजींनी हातात गरम सफरचंदाचा रस दिला, मी पेल्यासकट त्यांच्या मागे चालू लागले.

आधी हँगर दाखवला. लाकडी खांबांवर पत्रे ठोकलेली शेड, पुढे सरकतं दार. आत आता गवताच्या पेंढ्या आहेत, पण एका भिंतीला टू-स्ट्रोक तेलाचं मापटं अजून खिळ्याला टांगलेलं, त्यावर पेट्रोल किती आणि तेल किती याच्या खुणा मार्करने केलेल्या. त्याच्या शेजारी सुतळीने बांधलेली वही. आजोबांनी ती काढून माझ्या हातात दिली. प्रत्येक ओळीत तारीख, वाऱ्याची दिशा, वेळ आणि एखाददुसरा शब्द : "धुकं", "हरणं", "गोठा लाल". मी विचारलं, गोठा लाल म्हणजे? म्हणाले, "सूर्य उगवताना शेजाऱ्याच्या गोठ्याची भिंत वरून तशी दिसते. खालून कधीच दिसत नाही."

त्यांचं विमान क्विकसिल्व्हर होतं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, पोलादी तारा आणि त्यावर ताणलेलं डेक्रॉनचं कापड. उन्हाने हे कापड कुजतं, म्हणून वैमानिक उघड्यावर बसला तरी विमानाला छप्पर हवंच. उडण्यापूर्वी ते प्रत्येक तार बोटांतून सरकवून बघत, प्रत्येक बोल्टची पिन डोळ्यांनी नव्हे, हाताने तपासत. विमान विकून झालं, पण सांगताना त्यांची बोटं हवेत तारेवरून फिरत होती. त्यात समोर काच नसते, दार नसतं, पाय मोकळ्या हवेत. खाली कापलेल्या अल्फाल्फाचा वास पाचशे फुटांवरही येतो, म्हणाले. चाळीस मैलांच्या वेगाने, म्हणजे रस्त्यावरच्या गाडीपेक्षाही हळू, आपल्याच गावावरून जायचं आणि अर्ध्या तासाने परत घरी यायचं. कुठे पोचायचं नसतंच.

मग पट्टीवर गेलो. कडेला अर्धे पुरलेले टायर, एके काळी पांढरे रंगवलेले, ही हद्द. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीचा खांब उभा आहे, वर नुसती लोखंडी कडी. पूर्वेकडचा भाग शेजाऱ्याला खंडाने दिलाय, त्यात सोयाबीन उभं होतं. उरलेल्या भागात गोल्डनरॉडची पिवळी फुलं कमरेएवढी वाढलेली, मिल्कवीडच्या शेंगा फुटून म्हाताऱ्या उडत होत्या आणि मधूनमधून विलोची रोपं धरलेली. तीन उन्हाळे यंत्र फिरलं नाही, तर एवढं होतं.

गवताची धावपट्टी राखणं म्हणजे काय, हे मला इथे कळलं. डांबर नाही, दिवे नाहीत, म्हणून लोकांना ती फुकट वाटते. वसंतात बर्फ वितळला की जमीन फुगते, मऊ होते. तेव्हा कोणाला उतरू द्यायचं नाही, वाळली की पाण्याने भरलेला जड रूळ फिरवायचा. मग जमिनीतल्या खारी भोकं पाडतात. एवढ्या लहान चाकाला एक भोक पुरतं, म्हणून रोज सकाळी चालत पट्टीचं दुसरं टोक गाठायचं आणि भोकं बुजवत परतायचं. मे ते सप्टेंबर दर आठवड्याला ट्रॅक्टरमागे कटर लावून गवत कापायचं. फार आखूड कापलं तर मूळ सुकतं, उंच ठेवलं तर चाकाला ओढ बसते. आजोबांनी हे सगळं वर्षानुवर्षं केलं, उडायला येणाऱ्या कोणाकडूनही एक डॉलर न घेता. हौसेला मोल नसतं हे खरं, पण राबणूक असतेच.

"बंद का केली?" भाच्याने विचारलं.

डोळे, हे पहिलं कारण. दुसरं, बरोबर उडणारे मित्र एकेक करून थकले. तिसरं सांगताना मात्र त्यांचा आवाज चढला. पूर्वी एक सवलत होती, दोन आसनी अल्ट्रालाइटमध्ये शिष्याला शेजारी बसवून शिकवता यायचं. २००४ मध्ये स्पोर्ट पायलटचे, म्हणजे हौशी वैमानिकांच्या लायसनचे, नवे नियम आले आणि जानेवारी २००८ अखेर ती सवलत संपली. शिकवणारं विमान आता नोंदणीचं, महागडं, आणि शिक्षकालाही वेगळी पात्रता हवी. एकट्याने उडायला आजही लायसन लागत नाही, पण शिकायचं कोणाकडे? गावातली मुलं पट्टीवर यायची थांबली. मला हे कारण सगळ्यात मोठं वाटतं. नियम सुरक्षेसाठी होता, त्यामागचा हेतू मी नाकारत नाही. तरी शिकवणारा नसेल तर ज्याला लायसनच लागत नाही अशा विमानात पोरं स्वतःच्या जिवावर शिकतील किंवा शिकणारच नाहीत. इथे शिकलीच नाहीत.

पट्टी बंद करायचीही रीत असते. खात्याला फॉर्म भरून कळवावं लागतं. शिवाय वरून बघणाऱ्याला कळावं म्हणून दोन्ही टोकांना मोठी फुली मारतात. आजोबांनी ताडपत्रीचे पांढरे पट्टे खिळ्यांनी जमिनीला ठोकले होते. त्यातली एक फुली अजून आहे, गोल्डनरॉडमध्ये बुडालेली. त्यांनी वाकून पायाने झाडं बाजूला केली आणि ती आम्हाला दाखवली.

निघताना त्यांनी सोयाबीनकडे हात केला. "नीट बघा." मी बघितलं. हिरव्या-पिवळ्या शेतात मधोमध एक लांबच लांब पट्टा वीतभर बुटका होता, रोपं बारीक, शेंगा कमी. इतकी वर्षं रूळ आणि चाकं फिरून माती घट्ट झाली, मुळं खाली जात नाहीत. शेजारी कुरकुरतो, पण त्याने खंड कमी करायला सांगितलेलं नाही. "वरून अजून पट्टी दिसत असणार," आजोबा म्हणाले.

दुपारी प्रिन्स्टनच्या बाजूने व्हाइट रिव्हर मार्शला गेलो. ही राज्य सरकारची पाणथळ जागा, बर्लिन आणि प्रिन्स्टनच्या मध्ये, खडीचे रस्ते आणि दोन्हीकडे मैलोन्‌मैल लव्हाळं. इथे २०११ पासून आणखी एक गवताची पट्टी होती. तिच्यावरून व्हूपिंग क्रेन या दुर्मीळ क्रौंचाची पिल्लं उडायला शिकली.

गोष्ट कॅनडात सुरू होते. ओंटारिओतले शिल्पकार बिल लिशमन १९८८ मध्ये आपल्या अल्ट्रालाइटमागे कॅनडा हंसांना घेऊन उडाले. १९९३ मध्ये ते आणि जो डफ यांनी हंसांचा थवा ओंटारिओहून व्हर्जिनियापर्यंत नेला. पुढच्या वसंतात त्यातले बरेचसे हंस आपले आपण परत आले. क्रौंचांच्या अभ्यासकांना हेच हवं होतं. व्हूपिंग क्रेन हा उत्तर अमेरिकेतला सगळ्यात उंच पक्षी, पाच फूट, पांढराशुभ्र, पंखांची टोकं काळी. १९४१ च्या सुमारास सगळ्या जगात ते वीसबावीसच उरले होते. वाचले ते टेक्सासच्या किनाऱ्यावर हिवाळा काढणारे. एखादं वादळ किंवा तेलगळती झाली तर सगळेच संपायचे. म्हणून पूर्वेला दुसरा थवा हवा होता, आणि क्रौंचाचं पिल्लू वाट आईबापांकडूनच शिकतं. आईबाप नव्हते. म्हणून विमान.

मेरीलँडच्या पॅटक्सेंट केंद्रात अंडी उबवत असतानाच त्यांना इंजिनाचा आवाज ऐकवायचे. पिल्लू बाहेर आलं की समोर पायघोळ पांढऱ्या पोशाखातला माणूस, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली. बोलायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. विमान होतं ट्राइक, म्हणजे तीन चाकं, वर कापडी पंख, मागे इंजिन. पंख्याभोवती जाळी, पिल्लं कापली जाऊ नयेत म्हणून. आधी ती ट्राइकमागे नुसती चालायची, मग धावायची, आणि उन्हाळा संपता संपता गवतावरून त्याच्यामागे उचलली जायची. सराव पहाटेच, कारण हवा थंड आणि शांत असते. हवेत पक्षी पंखाच्या टोकामागे उठणाऱ्या प्रवाहावर जवळजवळ पंख न हलवता तरंगत जात.

ऑक्टोबरमध्ये निघायचं, फ्लोरिडापर्यंत साधारण १,२०० मैल. वाटेतले मुक्काम शेतकऱ्यांच्या जमिनीवर, बहुतेक अशाच खासगी गवतावर. ट्राइक उतरलं की पक्षी फिरत्या पिंजऱ्यात, माणसांच्या नजरेआड. जमीनमालक पैसे घेत नसत आणि कोणाला सांगतही नसत. आजोबांनी सकाळी सांगितलं होतं की इथली पिल्लं सरावात असताना ते पहाटे स्वतःचं इंजिन सुरू करत नसत. कोणी सांगितलं नव्हतं, म्हणाले, एवढं कळतं माणसाला.

२०११ च्या मोहिमेत नियम आडवा आला तो पैशांवरूनच. असली विमानं पगार घेऊन उडवायची नाहीत, असं खात्याचं म्हणणं. वैमानिक मोहीम चालवणाऱ्या संस्थेचे पगारी, थवा अलाबामापर्यंत पोचलेला. जानेवारी २०१२ मध्ये सूट मिळाली, पण तोवर पक्ष्यांनी मन बदललं. ते ट्राइकमागे यायला तयार होईनात. शेवटी त्यांना गाडीने अलाबामातल्याच व्हीलर अभयारण्यात नेऊन सोडलं.

२०१६ च्या सुरुवातीला सरकारने विमानाचा कार्यक्रमच थांबवला. शेवटची पिल्लं त्या हिवाळ्यात फ्लोरिडाच्या सेंट मार्क्सला पोचली. पोशाखातल्या माणसांनी वाढवलेले पक्षी घरटी करत, पण पिल्लं क्वचितच जगवत. त्यामुळे क्रौंचांनीच वाढवलेली पिल्लं सोडणं बरं, असं ठरलं. मला हा निर्णय पटतो, पक्ष्यांसाठी पटतो. तरी त्या खडीच्या रस्त्यावर उभं राहून लव्हाळ्यात ती पट्टी शोधताना पोटात तुटलं. रस्त्यावरून तिचा मागमूस दिसला नाही.

संध्याकाळी सँडहिल क्रेनचे, म्हणजे इथल्या दुसऱ्या जातीच्या क्रौंचांचे, थवे उतरायला लागले आणि आम्ही काळोख होईपर्यंत गाडीच्या टपाला टेकून उभे राहिलो.

शनिवार : नेसीडा

पश्चिमेला जाताना जमीन रेताड होते, पाइनची झाडं लागतात आणि क्रॅनबेरीचे वाफे. तोडणीचे दिवस होते, वाफे पाण्याने भरलेले आणि वर लाल फळांचा थर.

नेसीडा अभयारण्यातून २००१ मध्ये पहिली व्हूपिंग क्रेन दक्षिणेला निघाली होती. पुढे २०११ पासून विमानाचं शिक्षण व्हाइट रिव्हरला हलवलं, कारण इथल्या काळ्या माश्या अंड्यांवर बसलेल्या पक्ष्यांना इतक्या चावतात की ते घरटं सोडून उठतात. पण इथेच २००६ मध्ये विमानामागून वाट शिकलेल्या एका जोडीने पिल्लू वाढवलं आणि त्या हिवाळ्यात त्याला स्वतः फ्लोरिडाला नेलं. विमान नव्हतं, पोशाख नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत फ्लोरिडातल्या वादळाने विमानामागून आलेल्या १८ पिल्लांपैकी १७ पिंजऱ्यातच मारली. त्या दोन घटनांमध्ये जेमतेम काही आठवड्यांचं अंतर होतं.

आम्हाला जोडी दिसली. लांब, पाण्याच्या पलीकडे, दोन पांढरे ठिपके. दुर्बिणीतून एकाच्या पायातली रंगीत कडी दिसली, दुसऱ्याचा पाय पाण्यात होता. भाच्याने दुर्बीण परत द्यायला बराच वेळ लावला. पूर्वेकडच्या या थव्यात आजही शंभराच्या आतच पक्षी आहेत.

रविवार : बाराबू

इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन १९७३ मध्ये जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सावी यांनी सावी कुटुंबाच्या घोड्यांच्या फार्मवर सुरू केलं. जगातल्या क्रौंचांच्या पंधराच्या पंधरा जाती एका ठिकाणी फक्त इथेच आहेत. आर्चिबाल्ड टेक्स नावाच्या व्हूपिंग क्रेन मादीबरोबर हंगामामागून हंगाम नाचले, कारण तिला माणूसच जोडीदार वाटत होता. १९८२ मध्ये तिचं पिल्लू जन्मलं.

सायबेरियन क्रेनच्या कुंपणापाशी मला थांबवेना. भरतपूरला येणारी शेवटची जोडी २००२ च्या सुमारास दिसली, नंतर नाही. तिथली वाट माहीत असलेले पक्षीच उरले नाहीत.

सारसांपाशी मात्र मी घरी आल्यासारखी उभी राहिले. शेजारी एक स्वयंसेविका होत्या. त्यांना मोबाइलमधला फोटो दाखवला : गोंदियातली धानाची बांधी, मधोमध सारसाचं घरटं, दोन अंडी आणि मागे धुऱ्यावर उभा शेतकरी. त्यांचा पहिला प्रश्न, "तेवढ्या जागेतलं पीक जातं, त्याचं त्याला काय मिळतं?" मी म्हटलं, बहुतेकदा काहीच नाही. त्याला सारस हवा असतो, म्हणून तो घरट्याभोवतीचं धान तसंच ठेवतो आणि पाणी टिकवतो. त्यांनी भाच्याला ते पुन्हा सांगायला लावलं, नीट समजावं म्हणून. मग म्हणाल्या, फ्लोरिडाच्या वाटेवरचे शेतकरीही असेच होते.

गाडीत बसल्यावर भाच्याने नकाशा परत उघडला. मॅडिसनच्या दक्षिणेला ब्रॉडहेडला गवताचा विमानतळ आहे, चालू, हौशी लोकांनी जपलेला. तिथे शिकवणारं कोणी आहे का, हे त्याला विचारायचं होतं. त्याने बर्लिनच्या आजोबांना फोन लावला. आजोबांनी एक नाव आणि नंबर दिला, आणि बजावलं की पहाटे जा, वारा सुटायच्या आत, आणि आधी पट्टीवरून चालत जा.